येऊरचा उतार, आंबलेल्या मांड्या आणि एकाच पायात सुया

ठाण्यात धावणाऱ्यांची संख्या वाढत गेली तशा फिजिओथेरपीला येणाऱ्यांच्या तक्रारीही बदलल्या. पूर्वी पाठ, मान, गुडघे हेच चालायचं. आता सोमवारी-मंगळवारी "मांड्या धरल्यात, जिना उतरवत नाही" म्हणत येणारे बरेच असतात. माझ्याकडे यायच्या आधीच यातल्या कित्येकांनी कुठे अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतलेल्या असतात, कुठे पाठीवर हवा ओढून चिकटणारे कप लावून घेतलेले असतात. बरं वाटलं का विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि ते खरंच सांगत असतात. पण व्यायामानंतरचं असं दुखणं मुळात चार-सहा दिवसांत आपोआप ओसरतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी ज्याचा हात लागला त्याला गुण आला, मग तो सुयावाला असो, मी असो की घरचं खोबरेल तेल असो. खरा गुण कशाचा, हे एका माणसाच्या बाबतीत तरी नीट पाहता येईल का, असं मला फार दिवस वाटत होतं. पुढे लिहिलेल्या प्रकरणात ते बऱ्यापैकी पाहता आलं. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तक्रार आणि तपासणी

वय 47, राहणार वर्तकनगर, नोकरी मुलुंडला एका बँकेच्या शाखेत. यापुढे त्यांना ताई म्हणते, कारण समोरही तेच म्हणत होते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरसाठी त्यांनी नाव दिलं होतं. पावसाळा संपल्यापासून उपवन तलावाभोवती सपाटीवर धावणं चालू होतं आणि त्याचा काही त्रास नव्हता. एका रविवारी त्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच ठाण्याचा येऊरचा डोंगर चढल्या, वरच्या पाटोणापाड्यापर्यंत गेल्या आणि परत येताना उतारावर सगळ्यांबरोबर सुसाट उतरल्या. चढताना धाप लागली होती, उतरताना मात्र अगदी मोकळं वाटलं. त्या दिवशी काही नाही. सोमवारी सकाळी मांड्या जड. मंगळवारी ठाणे स्टेशनच्या पुलावरून फलाटावर उतरताना कठडा धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरावं लागलं. त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. बसल्यावर पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, चढताना एवढा जीव गेला, मग दुखतंय उतरताना वापरलेलं का?"

हा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलेला होता. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता शरीराचं वजन धरून ठेवतो, घाट उतरताना मालाने भरलेला ट्रक ब्रेकवर धरावा तसा. या लांबत्या जोरात स्नायूच्या आतल्या बारीक धाग्यांच्या रांगा जागोजागी विस्कटतात. मग तिथे सूज येण्याची प्रक्रिया सुरू होते, आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला पोहोचतं ते या सगळ्याला वेळ लागतो म्हणून. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुखतं, हे जिममध्ये अजूनही सांगितलं जातं. लॅक्टेट तर धावणं थांबल्यावर तासाभराच्या आसपास पूर्वपदावर येतं, मंगळवारचा ठणका त्याच्या माथी मारता येत नाही. 1902 मध्येच थिओडोर हाफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने हे दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्यातून येत असावं असं मांडलं होतं. धावणाऱ्यांमध्ये याला डॉम्स म्हणतात.

तपासणीत दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग अंगठ्याने दाबला की सारखाच दुखत होता, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर जास्त. पोटऱ्याही आंबलेल्या होत्या, पण कमी. हाडावर एका बिंदूत दुखणं नव्हतं. एकच पोटरी सुजून गरम झालेली नव्हती. लघवीचा रंग मुद्दाम विचारला, कारण ताकदीबाहेरच्या व्यायामाने स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले तर लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडावर बेतू शकतं. तिथे सुया, कप, शेक यांतलं काही करत बसायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं असतं. ताईंना तसलं काही नव्हतं. थायरॉइडची गोळी चालू होती, अलीकडचा रिपोर्ट ठीक होता. कोलेस्टेरॉलची गोळी नव्हती. हेही विचारावंच लागतं, कारण थायरॉइड कमी पडलं तरी आणि कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांमुळेही स्नायू दुखतात. रक्त पातळ करणारं औषध नव्हतं. वेदनाशामक गोळ्या मात्र रविवारपासून पाणी जेमतेम पिऊन चालू होत्या, त्या बंद करायला लावल्या.

निदान सरळ होतं. मी त्यांना सांगितलं की हे शुक्रवार-शनिवारपर्यंत जाईल, रोज थोडं सपाटीवर चाला, झोप पुरी घ्या. तेवढ्यात सोबत आलेल्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, माझं ऐक, सुया टोचून घे. माझ्या गुडघ्यांना किती फरक पडलाय."

एक पाय उपचाराचा, एक पाय तसाच

नणंदबाई ज्यांच्याकडे जात होत्या ते अॅक्युपंक्चरिस्ट नौपाड्यात बसतात आणि माझ्या परिचयाचे आहेत. नोंदणीकृत आहेत, हे इथे मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. ही विद्या आपल्याकडे तशी परकीही राहिलेली नाही. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मराठी माणसाला माहीत असतात. त्याच पथकातले बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 पासून कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

मी त्यांना फोन केला आणि एक विनंती केली. ताईंच्या दोन्ही मांड्या सारख्याच दुखताहेत, तर सुया फक्त उजवीकडे लावाल का? डावी मांडी आपल्याला तुलनेला राहील. ते लगेच तयार झाले, पण एक हरकत नोंदवून. त्यांचं म्हणणं असं की चिनी शास्त्रात एका बाजूच्या दुखण्यासाठी विरुद्ध बाजूला सुया लावायची पद्धत जुन्या ग्रंथांपासून आहे, तेव्हा उजवीकडच्या सुईचा परिणाम डावीकडे होणारच नाही असं गृहीत धरू नका. हरकत योग्य होती. ती मान्य करूनच पुढे गेलो, आणि शेवटचा निष्कर्ष वाचतानाही ती लक्षात ठेवावी.

मोजायचं काय, ते आधी ठरवलं. एक, जिन्याची पहिली पायरी उतरताना त्या त्या पायाला किती दुखतं, शून्य ते दहामध्ये. दोन, खुर्चीवरून एका पायावर उठता येतं का. तीन, तीच जागा अंगठ्याने दाबल्यावर कसं वाटतं. ताई बँकेतल्या असल्यामुळे त्यांनी उजवा-डावा असे दोन रकाने आखलेला कागद स्वतःच तयार करून आणला आणि शेवटपर्यंत एकही खाना रिकामा सोडला नाही. अशा रुग्णाबरोबर काम करायला मिळणं हे भाग्य असतं.

बुधवारी संध्याकाळी मी सोबत गेले. सुया सीलबंद पाकिटातून समोर फोडल्या गेल्या. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक आणि आतून भरीव. बारीक नळीतून टिचकी मारून सुई आत जाते, ती टिचकीच जास्त जाणवते. गुडघ्याखाली नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर झूसानली नावाचा बिंदू, त्याच्या थोडा वर बाहेरच्या अंगाला यांगलिंगच्युआन हा स्नायू-कंडरांसाठी वापरला जाणारा बिंदू, वाटीच्या वर दोन जागा, आणि बाकी जिथे दाबल्यावर सगळ्यात जास्त कळ येत होती तिथे. अशा दुखऱ्या जागांना आ-शी बिंदू म्हणतात. तिथे ठरलेला नकाशा नसतो, बोट फिरवत रुग्ण "आई गं" म्हणेल ती जागा धरायची. मांडीतल्या एका जागी सुई थोडी फिरवल्याबरोबर स्नायू आतल्या आत टुणकन उडाला, मला दोन फुटांवरून दिसला. ताई म्हणाल्या, "टोचल्यासारखं नाही वाटत, आत कुणीतरी दाबून धरल्यासारखं जड-जड वाटतंय." हीच जडपणाची जाणीव चिनी वैद्य मुद्दाम शोधतात, ती आली की सुई लागली असं मानतात. वीस मिनिटं त्या पडून राहिल्या, डावा पाय तसाच मोकळा.

उठल्यावर तिथल्याच जिन्यावर पायरी उतरून पाहिली. उजवा पाय सातवरून चारवर आला होता. डावा सातवरून सहावर. उतरताना उजव्या पायावर त्या खरोखर बिनधास्त भार देत होत्या, चेहऱ्यावरही ते दिसत होतं. पण खुर्चीवरून एका पायावर उठायला सांगितलं, तर दोन्ही पाय सारखेच अर्ध्यात बसले. दुखणं कमी झालं होतं, ताकद परतली नव्हती. या नोंदीकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देते, कारण दुखत नाही म्हणून बरं झालं असं समजून माणूस त्याच रात्री पुन्हा पळायला जातो.

रात्री झोपताना उजवा पाच, डावा सहा. ताईंना त्या आठवड्यातली पहिली सलग झोप लागली. गुरुवारी सकाळी दोन्ही पाय पाचावर, फरक संपलेला. शुक्रवारी दोन-तीन. शनिवारी दोन्ही रकान्यांत शून्य, आणि खुर्चीवरून उठणंही जमलं.

आराम खरा, पण कशाचा

काही तासांचा आराम मिळाला, तो मी खोटा म्हणणार नाही. सुईने वेदना कमी कशी होते याबद्दल बरंच काम झालेलं आहे. 1970 च्या दशकात असं दिसलं की मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिलं की अॅक्युपंक्चरचा वेदनाशमक परिणामही कमी होतो, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं त्यात गुंतलेली असावीत. 2010 मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात झूसानलीच्याच जागी सुई फिरवल्यावर तिथे ॲडेनोसिन हे शरीरातलंच रसायन वाढलं आणि दुखणं कमी झालं असं आढळलं. दाब, टोचणी, ताण असा जोरकस संदेश मज्जारज्जूकडे गेला की दुखण्याचा संदेश काही काळ मागे पडतो, हेही आहे.

पण ताईंना कोणत्या पायात सुया आहेत ते माहीत होतं. आराम मिळेल या अपेक्षेनेच वेदना उतरते, आणि ती उतरणंही शरीरात घडणारीच गोष्ट असते. अपेक्षा आणि सुई वेगळी काढायला संशोधक खोटी सुई वापरतात. 1998 मध्ये जर्मनीतल्या कोनराड श्ट्राइटबर्गर यांनी तशी सुई मांडली, तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती स्वतःच्याच पोकळ दांड्यात सरकते, रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं पण कातडीच्या आत काही जात नाही. जुनाट दुखण्यांवर, म्हणजे पाठ, मान, झिजलेले गुडघे, डोकेदुखी यांवर अशा चाचण्यांचा मोठा एकत्रित अभ्यास 2018 मध्ये आला, 39 चाचण्या आणि वीस हजारांहून जास्त रुग्ण. त्यात खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, पण फरक लहान होता. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत मात्र फरक चांगला दिसला. व्यायामानंतरच्या ताज्या दुखण्यावरचे अभ्यास याहून छोटे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे दुखणं थोडं कमी झालं, कुठे काहीच फरक नाही.

ताईंचा कागद याच्याशी विसंगत नाही. आराम आला आणि सकाळपर्यंत गेला. स्नायूची दुरुस्ती दोन्ही पायांत एकाच वेगाने झाली.

याहून महत्त्वाची नोंद पुढे मिळाली. दोन आठवड्यांनी ताई पुन्हा त्याच रस्त्याने येऊर चढल्या-उतरल्या. यावेळी मंगळवारी दुखणं जेमतेम तीन होतं, जिना सरळ उतरता येत होता. नणंदबाईंनी लगेच सांगितलं, "बघ, सुयांचा गुण." मी कागद पुढे ठेवला. डावा पायही तीनच होता, आणि डाव्या पायाला एकदाही सुई लागलेली नव्हती. एकदा उताराचा मार बसला की स्नायू स्वतःला जुळवून घेतो आणि पुढच्या वेळी तोच भार कमी दुखवतो, हा परिणाम पुष्कळ आठवडे टिकतो आणि सुई न लागलेल्या माणसांतही तसाच दिसतो. अॅक्युपंक्चरिस्टांची हरकत इथे पुन्हा उभी राहते, उजव्या बाजूच्या सुयांनी डावीला मदत केली असेल का? या एका प्रकरणातून ते पूर्ण खोडता येणार नाही. पण ज्यांनी कधी सुई पाहिलीही नाही त्यांच्याही मांड्या दुसऱ्या वेळी कमी दुखतात, तेव्हा मी श्रेय पहिल्या उताराला देते. अॅक्युपंक्चरिस्टांनीही कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "झोप लागली ना त्यांना, माझं काम तेवढं धरा." मला ते प्रामाणिक वाटलं.

कप, घासणं, धूर आणि बिनलेबलच्या गोळ्या

चिनी उपचार म्हणजे फक्त सुया नव्हेत, आणि ताईंनी बाकीचेही थोडेफार करून पाहिले.

कपांचं प्रकरण मला लागून राहिलं आहे. त्यांच्या भागातल्या एका जिमच्या ट्रेनरने पोटऱ्यांवर पंपाचे प्लास्टिक कप लावले आणि स्वतः दुसऱ्याला व्यायाम दाखवायला गेला. कप किती वेळ राहिले ते ताईंनाही नीट सांगता आलं नाही, पण पाच-दहा मिनिटांत काढायचे कप त्याहून बरेच जास्त वेळ होते. गोल काळे-जांभळे डाग उठले आणि डाव्या पोटरीवर पाण्याने भरलेले फोड आले. ज्या आंबलेपणासाठी कप लावले तो तीन दिवसांत गेला, फोडांची जखम भरायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले, आणि मोजे-बूट घालून धावणं तेवढे दिवस बंद. ताईंना मधुमेह असता तर मी हे एवढ्या शांतपणे लिहू शकले नसते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग सगळ्या जगाने पाहिले आणि तेव्हापासून कपांची मागणी वाढली. ओढ लावून रक्त वर आणणं आपल्याकडेही जुनंच, तुंबडी लावणारे खेड्यापाड्यांत होतेच. पण तो डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. त्यातून विष बाहेर पडतं, डाग जितका काळा तितका मळ जास्त, असं सांगितलं जातं, ते चूक आहे. डागाचा रंग ओढ किती आणि वेळ किती, यावर ठरतो.

गुआ शा त्यांनी नौपाड्यातच घेतली. तेल लावून गुळगुळीत कडेच्या पट्टीने कातडी एकाच दिशेने घासत नेतात, लाल ठिपके उमटेपर्यंत. अकरा निरोगी माणसांवरच्या 2007 च्या एका छोट्या अभ्यासात घासलेल्या जागी कातडीतला रक्तप्रवाह पहिल्या काही मिनिटांत चौपट झालेला दिसला, पण तो कातडीतला प्रवाह आहे, खोल स्नायूतला नव्हे. ताईंना पोटऱ्या हलक्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी मात्र बँकेत साडीच्या काठाखालचे लाल पट्टे पाहून एका सहकारी बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" विचारणाऱ्या बाईंचं मला कौतुक वाटलं. असे वळ दिसले तर विचारायलाच हवं. आणि म्हणूनच हा उपचार देणाऱ्याने डाग किती दिवस राहतील हे आधी सांगायला हवं.

मॉक्सा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून बिंदूजवळ शेक देणं, एकदाच झालं. ज्या कुळातला आपला जोतिबाला वाहतात तो दवणा, त्याच कुळातली ही वनस्पती. शेक सुखावह होता, पण बंद खोलीत धूर फार, आणि ताईंना खोकला झाला. शेकच हवा तर गरम पाण्याची पिशवी आहे.

एका गोष्टीला मी ठाम नकार दिला. कुणीतरी ऑनलाइन मागवलेल्या, फक्त चिनी अक्षरं असलेल्या बाटलीतल्या "स्नायूंच्या" गोळ्या ताईंनी दाखवायला आणल्या होत्या. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया वर्गातली दुसरी आली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. आत काय आहे ते वाचता येत नाही, ते पोटात घ्यायचं नाही. बाटली माझ्यासमोर कचऱ्यात गेली.

चोळण्याबद्दल मात्र मी आनंदाने लिहिते. चिनी त्वेना असो की आपलं मालिश, व्यायामानंतरच्या दुखण्यावरच्या निरनिराळ्या उपायांची तुलना करणाऱ्या 2018 च्या एका मोठ्या आढाव्यात, 99 अभ्यास तपासून, मालिश सगळ्यात वर राहिलं. ताईंच्या नणंदबाई रविवारी संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्या चोळून देतात. त्यात नोंदणी क्रमांकही लागत नाही आणि डागही पडत नाही. फक्त ताज्या दुखण्यात अंगठे रुतवून कळ काढायची नाही, तळव्याने, सोसवेल इतकंच.

उतार उतरायला शिकणं

खरं काम वेगळ्याच दिशेला होतं. ताईंचे स्नायू चढाला तयार होते, उताराला नव्हते, आणि यावर सुई हा उपाय नव्हता. घरातला लाकडी पाट घेतला. त्यावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश, मनात चार मोजत जमिनीला टेकवायची आणि परत वर. सुरुवातीला भिंतीचा आधार घेऊन, दोन्ही पायांनी थोडे थोडे, आठवड्यातून दोनदा. ते सोपं झाल्यावर जिन्याची पायरी. गुडघा आत झुकतो का हे बघायला मोठा आरसा समोर.

येऊरवर नियम असा ठेवला की चढायचं धावत आणि उतरायचं चालत. मग उताराचा शेवटचा थोडा भाग धावत, मग हळूहळू वरचाही. उतरताना मागे रेलून टाचा आपटायच्या नाहीत, पावलं लहान आणि भरभर, शरीर उताराच्या थोडं ओघाने. लांब ढांगा टाकत उतरणं पाहायला छान वाटतं, पण प्रत्येक ढांगेचा मार मांडीवर जातो. कडक उताराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उपवनला हलकं चालणं, सपाटीवर. पूर्ण पडून राहिलं तर पाय जास्त आखडतात, हे त्यांनाच दोनदा अनुभवून पटलं. झोप आणि पोटभर जेवण यांवर मी जेवढा जोर दिला तेवढा कशावरच दिला नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर उपास करून रविवारी धावायला जाणं बंद करायला मात्र बरीच समजूत घालावी लागली.

डिसेंबरअखेर त्या येऊरचा पूर्ण उतार धावत उतरल्या आणि मंगळवारी मुलुंडला जाताना त्यांना काही आठवलंही नाही. जानेवारीत दहा किलोमीटर पूर्ण केले.

सुया त्यांनी सोडल्या नाहीत, आणि सोडा असं मी म्हटलंही नाही. लांब धावल्यानंतर कधीतरी सोमवारी संध्याकाळी जातात, त्या रात्री झोप चांगली लागते म्हणून. अटी ठरलेल्या आहेत. पाकीट समोर फोडलेलं असावं. वापरलेल्या सुया धारदार कचऱ्याच्या डब्यात जाव्यात. मानेच्या मुळाशी, पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर खोल सुई नको, कारण तिथे थोड्याच खाली फुप्फुस आहे आणि सुईने ते टोचलं जाण्याचे प्रकार खरोखर घडलेले आहेत. आराम वाटला म्हणून दुसऱ्या दिवशीचं धावणं वाढवायचं नाही. आणि दुखणं आठवड्याच्या पुढे गेलं, एकाच जागी टोकदार झालं किंवा रात्री झोपेतून उठवू लागलं, तर सुयांची पुढची वेळ घेण्याआधी तपासून घ्यायचं.

नणंदबाईंच्या गुडघ्यांची गोष्ट निराळी आहे. झिजेचं ते जुनाट दुखणं आहे, त्यात सुयांचा उपयोग होण्याची शक्यता ताईंच्या मांड्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्यांना तो होतोही आहे. पण मांडीत बळ नाही तोवर गुडघ्यावरचा भार उतरत नाही. आता त्याही पाट घेऊन माझ्याकडे येतात, सध्या दोन्ही हात भिंतीला लावून.